बाबांची चाळीस पानं

वालावल,
२ ऑक्टोबर २००४

चि. यज्ञेश यास,
आशीर्वाद. मोठ्या बहिणीने लिहायचा असतो म्हणून लिहिला. आई बरी आहे, गुडघा तेवढा धरतो. नारळ उतरवून झाले.

फोनवर विचारलंस, कॉम्प्युटर कसा चाललाय. चालत नाही. सकाळी बटण दाबते, भात शिजून उतरतो तेव्हा पडद्यावर काहीतरी उमटतं आणि तिथेच अडकतं. चवथीला येऊन तू घातलेली नवीन विंडोज इतक्या जुन्या मशीनवर चालणार नाही, हे सीडीच्या कव्हरवर छापलेलं होतं. पण तुला पुण्याची अक्कल दाखवायची होती. "चलतलो गो, चलतलो! मी आसंय मा!" शेजारचे दाजी माना डोलावत होते.

बाबांनी घेतलेलं मशीन म्हणून आईने आधी देवळात कौल लावला. उजवा झाला, देवाचा होकार मिळाला. म्हणजे देवाला विचारलंत. त्याच मशीनवर लग्नपत्रिका टाइप करून मी घर चालवते. मी आत पातोळ्या करत होते, मला कोणी विचारलं नाही.

जागा पुरेना म्हणून तू सगळी डिस्क पुसलीस. वर म्हणतोस, माय डॉक्युमेंट्स रिकामंच होतं. अरे शहाण्या, माझं सगळं मराठी टायपिंगच्या फोल्डरात होतं! बाबांची चाळीस पानंही तिथेच. दशावतारी नाटकात संवाद लिहून ठेवत नाहीत, उभं राहून सुचेल तसं बोलतात. बाबा तीस वर्षं तसेच बोलले. आजारपणात मात्र म्हणाले, "दुर्गा, बस गो. लिवन घे." दोन महिने ते सांगत होते, मी टाइप करत होते. त्या दोन महिन्यांत तू एकदाही आला नाहीस.

ती पानं छापून ठेवली नाहीत, ही चूक माझी. प्रिंटरची रिबन फिकी झाली होती, उद्या उद्या करत राहिले. त्यासाठी रोज स्वतःला शिव्या घालते. तुझ्या वाटणीच्या वेगळ्या.

फक्त शेवटचं पान छापलं होतं. त्यात संवाद नाहीत. बाबांनी तुझ्यासाठी सांगितलेला निरोप आहे. बाबा गेल्यावर दिवसांना आलास तेव्हा रागापोटी दिला नाही. या चवथीला द्यायचं ठरवलं होतं. तू चपला काढायच्या आधी स्क्रू-ड्रायव्हर मागितलास.

पाकीट झटकून बघू नकोस, पान घातलेलं नाही. दिवाळीला येऊही नकोस.

बाबांचा निरोप ठेवून घेतलेली,
दुर्गा