परवान्याचा फेरफार

२० नोव्हेंबर, सोमवार. पहाटे ५.३०

आजपासून नवं पर्व. काल नवा कॉम्प्युटर घरी आला. चाळीस वर्षांतली माझी सगळी भाषणं स्वतःच्या हाताने टाइप करणार. पुस्तक २६ जानेवारीला. अनसिंगच्या सभेत तसं जाहीर केलं आहे, टाळ्याही पडल्या आहेत. आता माघार नाही.

रोज पाच पानं. पहाटे साडेपाच ते साडेसात. चहा नंतर.

सकाळी ६.१०

चहा घेतला.

रात्री ८

वाशिमच्या दुकानात ज्योत्स्नाने एकेक भाग निवडून हा कॉम्प्युटर जोडला. दुकान तिचंच, हातात स्क्रूड्रायव्हर तिच्याच. पंख्यात निळा दिवा आहे. पंचफुला (आमची सौ.) म्हणाली की हा देवघरात ठेवायचा का बैठकीत. बैठकीत ठेवला.

एक किरकोळ बाब. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात करड्या रंगात अक्षरं दिसतात: विंडोज ॲक्टिव्हेट करा. ज्योत्स्नाला फोन केला. तिचं म्हणणं, विंडोज टाकलं आहे, लायसन नाही, तसंही चालते. आणि मग हळूच म्हणाली, "पायजे तं मी जुगाड करून देतो काका, सारेच करतात."

सारेच करतात! या दोन शब्दांनी या देशाचं जेवढं नुकसान केलं तेवढं दुष्काळाने केलं नसेल. तिला वीस मिनिटं समजावून सांगितलं. ती शेवटी म्हणाली, "काका, गिऱ्हाईक उभे हायेत." म्हणजे पटलं असावं.

अनसिंगच्या त्याच सभेत मी हेही जाहीर केलं होतं की या घरात चोरीचं सॉफ्टवेअर येणार नाही. माझ्याकडे अस्सल परवाना आहे. आठ वर्षांपूर्वी अकोल्याहून खोक्यासकट आणला. कार्ड सातबाऱ्यासोबत पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं आहे. सध्या तो परवाना जुन्या कॉम्प्युटरवर आहे. ज्योत्स्ना म्हणाली की खोक्यातला असेल तर हलवता येतो, फक्त एका वेळी एकाच कॉम्प्युटरवर. तिकडून काढायचा, इकडे टाकायचा.

एवढंच. उद्या सकाळी दहापर्यंत उरकतो.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

दहा वाजले. नंतर बाराही वाजले.

कार्डावर पंचवीस अक्षरं आहेत. त्यातलं एक B आहे की 8, यावर पाऊण तास गेला. शेवटी पंचफुलाने चष्मा न लावता वाचून दाखवलं. मग स्क्रीनवर आलं की हा परवाना दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरात आहे, फोन करा.

केला. एक यंत्रबाई बोलते. ठाम आवाज, स्वच्छ उच्चार. तिने विचारलं की हा परवाना किती कॉम्प्युटरवर आहे. मी परिस्थिती सविस्तर मांडली. ती म्हणाली, माफ करा, समजलं नाही. मी पुन्हा पहिल्यापासून मांडली. एकूण फोन बेचाळीस मिनिटांचा, त्यात अडतीस मिनिटं मी. तिने एकदाही घड्याळ पाहिलं नाही. असा श्रोता वऱ्हाडात मिळत नाही.

शेवटी ती आकडा दाबा म्हणाली. खरं ते खरं. एक जुना, एक नवा. २ दाबला. तिने फोन ठेवला.

ग्रीसमध्ये एका तत्त्वज्ञाला खरं बोलल्याबद्दल विष देण्यात आलं. माझा निदान फोनच कट झाला.

आता प्रश्न राहिला तो जुन्या कॉम्प्युटरवरून परवाना काढण्याचा. तिथे सूनबाई बसते. सुचिता. बारा डिसेंबरला तिची टायपिंगची सरकारी परीक्षा आहे. ते सर्टिफिकेट मिळालं तर वाशिमच्या कॉलेजात कारकुनाच्या जागेसाठी अर्ज करता येतो, आणि ही जागा दहा वर्षांत एकदा निघते. ती म्हणाली, "मामाजी, परीक्षा होऊ द्या ना. मधातच बंद पडला तं मी कोठी सराव करू?"

स्त्रीशिक्षणावर मी मानोऱ्यात तीनदा बोललो आहे. तेव्हा जबरदस्ती नाही. पण हक्क सोडून देणंही माझ्या स्वभावात नाही. कायदेशीर मार्ग शोधला पाहिजे.

२२ नोव्हेंबर, बुधवार. पहाटे ४

सापडला! फेरफार!

जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर जाते तेव्हा काय होतं? नोटीस लागते. पंधरा दिवस हरकतीसाठी. हरकत आली तर सुनावणी. मग नोंद. इंग्रजांनाही जी पद्धत मोडावीशी वाटली नाही ती एका कॉम्प्युटरला का लागू पडू नये?

दुपारी

हरीओम तलाठ्याकडे गेलो. त्याने गट नंबर विचारला. मी पंचवीस अक्षरं सांगितली. त्याला जोराचा ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाला, "भाऊ, हे रेकॉर्डले नाही बसत." मी त्याला महसूल कायद्याच्या मुळाशी कोणतं तत्त्व आहे ते सांगायला सुरुवात केली. अर्ध्या तासाने तो म्हणाला की ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचं तर लावा, पण मले जेवू द्या.

शासनाची मंजुरी मिळाली.

नोटीस: "जुन्या संगणकावरील परवाना नव्या संगणकावर घेण्यास कोणाची हरकत असल्यास त्यांनी ७ डिसेंबरपर्यंत लेखी कळवावे." एक प्रत कंपनीला रजिस्टर पोस्टाने.

पुस्तक: शून्य पानं. कायदेशीर बाबी आधी.

२५ नोव्हेंबर, शनिवार

नोटिशीला उदंड प्रतिसाद. सोळा जणांनी खाली सह्या केल्या, दोघांनी अंगठे. चौकशी केली तेव्हा कळलं की पीकविम्याची यादी समजून केल्या. तरीही लोकसहभाग.

२९ नोव्हेंबर, बुधवार

हरकत आली. एकच.

टाइप केलेली. दोन्ही बाजूंना सारखा समास. एकही चूक नाही, मी लाल पेन घेऊन दोनदा वाचली. "अर्जदार हे माझे सासरे असून त्यांचे टंकलेखन अद्याप सुरू झालेले नाही. माझी परीक्षा १२ तारखेस आहे. तोपर्यंत परवाना माझ्याकडे राहू द्यावा." सही सौ. सुचिता. साक्षीदार पंचफुला.

पंचफुलाला विचारलं की नवऱ्याच्या विरोधात साक्षीदार? तर म्हणाली, "भाषणात तुमीच सांगता नं, बायायनं सही कराले शिकावं. मंग शिकली."

मुद्दा बिनतोड आहे. दुर्दैवाने माझाच.

२ डिसेंबर, शनिवार

रामरावांचा फोन. रामराव म्हणजे धनजचे निवृत्त हेडमास्तर. काही लोक त्यांना माझ्या तोडीचा वक्ता मानतात. लोकशाही आहे, मानू द्यावं. ते म्हणाले, "रंगरावभाऊ, तुमच्या अस्सल कॉम्प्युटरची लय चर्चा हाय. रविवारी, धा तारखेले पाहाले येतो."

धा तारखेले. आणि कोपऱ्यात ती करडी अक्षरं. हा माणूस माझ्या संपूर्ण भाषणात एकच चूक शोधतो आणि नंतर तेवढीच सांगत फिरतो.

सायंकाळी

अक्षरांवर टिकली लावून पाहिली. अक्षरं टिकलीपेक्षा लांब. चार लागल्या. स्क्रीनला देवी आल्यासारख्या दिसतात. पंचफुला टिकल्यांचं पाकीट शोधत होती. मी वर्तमानपत्र वाचत होतो.

५ डिसेंबर, मंगळवार

कंपनीकडून पोचपावतीही नाही. मौन म्हणजे संमती, हे कायद्यात कुठेतरी आहे. शोधतो.

टिकल्या काढल्या. खाली डिंकाचे चार गोल राहिले. आता अक्षरांना किनार आली आहे.

पुस्तक: शीर्षकावर विचार चालू आहे.

७ डिसेंबर, गुरुवार

मुदत संपली. सुनावणी घेतली. स्थळ: आमची बैठक. अर्जदार मी. हरकतदार सुचिता. न्यायाधीश म्हणून तटस्थ माणूस हवा होता, गावात एवढ्या तयारीचा कोणी नाही, म्हणून मीच.

दोन्ही बाजू मी मांडल्या. हरकतदाराची बाजू मांडताना तर असा रंगलो की अर्जदाराचा मलाच राग आला. एक तास पन्नास मिनिटं. सुचिताने मध्येच हात वर करून म्हटलं, "मामाजी, एक सांगू का? ज्योत्स्नाताईनं आज फोनवर..." मी तिला थांबवलं. निकाल चालू असताना पक्षकाराने बोलायचं नसतं. थोड्या वेळाने तिने पुन्हा हात वर केला. पुन्हा थांबवलं, प्रेमाने.

निकाल: हरकत मान्य. परवाना परीक्षेपर्यंत सूनबाईकडेच राहील. एका पुरुषाने स्वतःच्या घरात, स्वतःच्या विरोधात दिलेला हा निकाल जिल्ह्यात पहिलाच असावा.

सुचिताच्या डोळ्यांत पाणी होतं. पंचफुला म्हणते ते जांभईचं होतं.

८ डिसेंबर, शुक्रवार

परीक्षा बारा तारखेला. रामराव दहा तारखेला.

निकाल देताना हे लक्षात आलं नाही. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असते, तिच्याजवळ कॅलेंडर नसतं.

रामरावांना फोन करून सांगितलं की रविवारी मला थोडा ताप येणार आहे. ते म्हणाले, मग तर येतोच.

९ डिसेंबर, शनिवार. दुपारी २

विचार करतो आहे. सत्य म्हणजे काय? मुत्सद्दी आणि सेनापती यांना मोठ्या हितासाठी... नाही. मी ज्योत्स्नाला वीस मिनिटं ऐकवलं आहे.

पण दुसऱ्या बाजूने पाहता, निकालानुसार चौथ्या दिवशी परवाना एकाच कॉम्प्युटरवर असणार आहे. म्हणजे मी जे सांगणार ते खोटं नाही. ते फक्त लवकर आहे.

दुपारी ३.१५

मळ्यात गेलो. वांग्याच्या वाफ्यांत रेंज चांगली येते, आणि जवळपास कोणी नव्हतं. त्या यंत्रबाईला फोन केला. तिने ओळख दाखवली नाही. नव्या कॉम्प्युटरवरचे आकडे कागदावर लिहून नेले होते, ते सगळे दाबले. मग तिने विचारलं, किती कॉम्प्युटरवर?

बोट २ वर गेलं. मग १ वर गेलं.

दाबला.

ती लगेच खूश झाली. भराभर आकडे सांगू लागली. ज्या बाईने अडतीस मिनिटं सत्य ऐकून फोन ठेवला ती एका असत्यावर एवढी मोकळी झाली. बंधू-भगिनींनो, हाच आपला समाज! (पुस्तकात घ्यावं. नको. कशावरून ते विचारतील.)

घरी येऊन आकडे भरले. कोपरा स्वच्छ झाला. अक्षरं गेली. गोल राहिले.

रात्री ९

मन लागत नाही. चाळीस वर्षं व्यासपीठावर उभा राहिलो, एक खोटा शब्द नाही. (पावसाच्या आकडेवारीचा अपवाद.) तसं पाहता आजही जिभेने खोटं बोललो नाही, बोटाने बोललो. तरी जेवण गेलं नाही. दोनच भाकरी.

सुचिताच्या खोलीतून टायपिंगचा आवाज येतो. पावसासारखा. बिचारीला माहीतही नाही की तिचा सराव मोडू नये म्हणून कोणी काय पणाला लावलं. परीक्षा झाल्यावर सांगेन. योग्य शब्दांत.

१० डिसेंबर, रविवार. दुपारी ४

रामराव आले. सोबत स्वतःचं भाषण, हाताने लिहिलेलं, अठरा पानं. नव्या कॉम्प्युटरसमोर त्यांना बसवलं. कोपरा दाखवला. काहीच नाही, हे निरखून पाहायला लावलं. ते म्हणाले, बरं हाय, पंखा लय आवाज करते. मग म्हणाले की सूनबाई छान टाइप करते म्हणतात, माझे दोन पानं करून देईल का. आणि थेट तिच्या जुन्या कॉम्प्युटरकडे गेले.

पाच मिनिटांनी बाहेर आले. चेहऱ्यावर तोच आनंद, जो माझ्या भाषणात चूक सापडल्यावर असतो. "रंगरावभाऊ, तुमचा अस्सल हाय, मानलं. पण सुनेच्या कॉम्प्युटरवर चोरीचं हाय वाटते. कोपऱ्यात लिवलं हाय ना तसं."

धावत गेलो. उजव्या कोपऱ्यात, करड्या रंगात.

सुचिता रामरावांचं दुसरं पान टाइप करत होती, न थांबता. मी विचारलं, हे केव्हापासून? म्हणाली, "गुरुवारपासून, मामाजी. ज्योत्स्नाताईनं सांगितलं का लायसन काढलं तरी मशीन बंद नाही पडत, फक्त अक्षरं येतात. मंग मी काढून टाकलं तुमच्यासाठी. तेच तं सांगून राह्यली होती सुनावणीत. तुमी बोलूच नाही दिलं."

गुरुवारी. मी १ दाबला शनिवारी.

म्हणजे शनिवारी दुपारी सव्वातीन वाजता, वांग्याच्या वाफ्यात, परवाना जुन्या कॉम्प्युटरवर नव्हताच, खरोखर एकाच कॉम्प्युटरवर येत होता. मी खरं बोललो. आयुष्यात एकदा विचारपूर्वक, मन घट्ट करून खोटं बोलायला गेलो, आणि तेही जमलं नाही.

रामराव म्हणाले, काय झालं, चेहरा कायले उतरला? काय सांगणार? चोरी नाही, हे सिद्ध करायचं तर आधी खोटं बोललो हे सांगावं लागतं. खोटं बोललो हे सांगायचं तर ते खरं होतं हेही सांगावं लागतं. मी सुरुवात केली. वाक्य तिसऱ्यांदा अडकलं.

आयुष्यात प्रथमच रामरावांसमोर माझ्याजवळ मुद्दा होता आणि भाषण नव्हतं.

पंचफुलाला आत जाऊन सगळं सांगितलं. अगदी मळ्यासकट. ती पोळी लाटत ऐकत होती. म्हणाली, "पाप केलं म्हणून उपास धरता का खरं बोलले म्हणून सत्कार करून घेता, ते एकदाचं ठरवा. रामरावभाऊ जेवाले बसले, वाढाले या."

वाढायला गेलो.