दादाची सही

मी, खाली सही करणारी, धंद्याने फिल्म एडिटर आणि हौसेने, म्हणजे स्वतःच्या खर्चाने, निर्माती, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. शरीराचं आता काही खरं नाही. डोकं ठिकाणावर आहे, तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. मला नवरा नाही, मूल नाही. एक थोरला भाऊ आहे, त्याला यापुढे ‘दादा’ म्हटलं आहे.

१. माझं दोन खोल्यांचं घर दादाला. मी स्टुडिओतली नोकरी सोडली तेव्हा तो म्हणाला होता, की स्वतंत्र धंदा म्हणजे भिकेचे डोहाळे. त्याचंच खरं झालं. कोणा एकाची नोकर राहिले नाही, म्हणून सगळ्यांची झाले. लोकांची लग्नं, सिमेंटच्या जाहिराती आणि बिल्डरांची भाषणं कापण्यात जन्म गेला. आतल्या खोलीच्या खिडकीला काळा कागद चिकटवलेला आहे, तो काढावा. भिंतीला ओल आली आहे.

२. कॉम्प्युटर, मॉनिटर आणि स्पीकर माझ्या साउंडवाल्याला. माझ्यासारख्या कटकट्या बाईबरोबर त्याने इतकी वर्षं काढली, आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

३. खुर्ची त्या दिग्दर्शकाला, ज्याने पडद्यावर माझ्या नावाच्या जागी आपल्या भाच्याचं नाव घातलं. तिचा एक पाय डुगडुगतो. हे त्याला सांगू नये.

४. आईला शेवटच्या वर्षांत विसर पडत गेला, त्या काळात मी तिचं चित्रण केलं. त्याची फिल्म तयार आहे. निर्माती म्हणून माझी एवढी एकच. तीत दादा आहे. आईने त्याला “तुम्ही कोण?” असं विचारलं, तेव्हा तो तिच्यावर ओरडला आणि मग बाहेर पायरीवर बसून रडला. त्याच्या लेखी संमतीशिवाय फिल्म दाखवता येत नाही, आणि मलाही दाखवायची नाही. पुष्कळ विनवण्या केल्या. तो म्हणाला, “माझी अब्रू चव्हाट्यावर मांडून तू नाव कमावणार?” तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

वकीलसाहेब म्हणाले, घर संमतीपत्रावरच्या सहीच्या अटीवर द्या. मी नको म्हटलं. सही केली नाही तरी घर दादाचंच. तो करणार नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्याकडे एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी कोणी हलत नाही.

५. माझ्यामागे महिनाभरात सही आली नाही, तर साउंडवाल्याने फिल्म आणि सगळं चित्रण पुसून टाकावं. एकही प्रत ठेवू नये. हळहळ वाटली तरी ठेवू नये.

६. हे कलम वकीलसाहेबांनी गाळायला सांगितलं होतं. दादा, तुला वगळूनही फिल्म करून पाहिली रे. तुझी एक फ्रेम ठेवली नाही, आवाजही नाही. वाटलं, जमेल, नको ती माणसं काढण्यावरच तर पोट भरलं. पण आई सारखी दाराकडे बघते, आणि कोणी येतच नाही. मला ते बघवलं नाही.

वरचा मजकूर मी स्वतः वाचला. त्यात आता काही कापायचं नाही.

सही: (माझी)
साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार: खालच्या औषधाच्या दुकानाचे मालक (सही)
ठिकाण: राहतं घर, आतली खोली
तारीख: आजची, वकीलसाहेबांनी शिक्क्यासोबत घालावी