हिरड्यांचा बंदोबस्त

२ जुलै, सकाळ.
छातीत पुन्हा जड. गॅस असणार. पुतळीला सांगितलं नाय, बायको ती, मला डॉक्टरकडे न्यायला तिला निमित्तच हवं असतं. गणपती तोंडावर, कारखान्यात मूर्ती रंगून उभ्या, आणि डोळ्यांची आखणी अख्ख्या पेणमध्ये माझ्यासारखी कोणाची नाय. आजारी पडायला सवड कुठाय?

४ जुलै.
नेलंच. डॉक्टर म्हणतात, पनवेलला जाऊन अँजिओग्राफी करा. म्हटलं, विसर्जनानंतर बघू. गोळ्या घेतल्या. म्हणजे, विकत घेतल्या.

६ जुलै, रविवार.
लेक रोह्याहून आली. ऋतुजा तिथे कॉलेजात बायॉलॉजी शिकवते, घरीही शिकवते. म्हणे, पेशींवर जन्मजात रिसेप्टर असतात, राखणदारासारखे. जंतू दिसला की बोंब ठोकतात. रक्तवाहिनीत साचलेली चरबीही त्यांना शत्रू वाटते, म्हणून आतून सूज, मग ब्लॉक. त्यात हिरड्या सुजलेल्या असल्या तर तिथले जंतू रक्तात उतरून आणखी पेटवतात. मग माझ्या हिरड्या बघितल्या न् कपाळाला हात लावला. म्हणाली, तोंड स्वच्छ ठेवा.
मला एकदम पटलं. दोष माझा नायच, राखणदारांचा.

७ जुलै.
प्लॅन पक्का. तोंड स्वच्छ, जंतू खलास, राखणदार गप्प. उद्यापासून मिश्री दिवसातून तीनदा. तंबाखू कधीच सोडलाय. मिश्री दातांसाठी.

१५ जुलै.
ऋतुजाचा फोन. तोंड स्वच्छ ठेवताय ना, विचारलं. म्हटलं, आधीपेक्षा जास्त. खूश झाली पोर. गोळ्या डबीतच आहेत. मूळ कारणच काढतोय तर गोळ्या कशाला?

२९ जुलै.
एका जागी बसवत नाय. नुसत्या फेऱ्या. आखणी करताना एका मूर्तीचा डावा डोळा वाकडा गेला. पुतळी म्हणाली, बसा जरा. तिच्यावरच ओरडलो. मग बरंच वाईट वाटलं. पुन्हा मिश्री लावली, तेव्हा कुठे डोकं शांत झालं. दोन मिनिटं.

३ ऑगस्ट, पनवेल, हॉस्पिटल.
कारखान्यातच कोसळलो. स्टेंट घातला. डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू? मी ठासून सांगितलं, नाय.
पुतळी म्हणाली, "मिश्री लावतात ना. तंबाखूच भाजून देते मी. हल्ली डबा आठवडाभर पुरत नाय."
"बाबा, मीच सांगितलं होतं तुम्हाला तोंड स्वच्छ ठेवायला," ऋतुजा म्हणाली आणि रडायला लागली.
फार लाज वाटली. नाय गो, तुझा काय दोष, असं म्हणायला तोंड उघडलं. पुतळीने तेवढ्यात आत गोळी टाकली.