आईंबरोबर चौथीचा भूगोल

रविवार, ५ फेब्रुवारी

नदीचा उगम बघितला. बघण्यासारखं काही नाही.

पुस्तकातल्या चित्रात डोंगराच्या कपारीतून पाणी उडी घेतं. प्रत्यक्षात एक ओला खडक, त्याखाली रुमालाएवढं डबकं, आणि डबक्यात पुढचे दोन पाय घालून उभी असलेली शेळी. आईंनी – म्हणजे सासूबाईंनी – चष्मा पुसून पुन्हा बघितलं. शेळी हलली नाही.

"एकतीस वर्षं मी मुलांना सांगितलं, नदी डोंगरातून उसळून बाहेर पडते," आई म्हणाल्या. "मुलांनी पेपरात तसंच लिहिलं. मी गुण दिले."

मी म्हटलं, पावसाळ्यात उसळत असेल. पण पावसाळ्यात आई इथे नसणार.

हे सगळं मंगळवारच्या फोनपासून सुरू झालं. फोन मेहुण्याचा, म्हणजे आईंच्या मुलाचा. आई खोलीचं दार लावून बराच वेळ बोलत होत्या. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, पाच मार्चला तो मला न्यायला येतोय. मुलगा असताना आईने जावयाकडे किती दिवस राहायचं, लोक काय म्हणतील, असं त्याचं म्हणणं आहे. मी म्हटलं, बरं.

बरं! तीन वर्षांनी माणसाला एवढंच सुचावं?

तीन वर्षांपूर्वी ही आजारी पडली तेव्हा आई एक बॅग घेऊन पंधरा दिवसांसाठी आल्या होत्या. मग ही गेली. दिवस झाले, पाहुणे गेले, आई राहिल्या. त्यांनी जायचा विषय काढला नाही, मीही नाही. बॅग माळ्यावर गेली.

मंगळवारी ती खाली आली. बॅगेच्या तळाशी त्यांचं चौथीचं भूगोलाचं पुस्तक निघालं – आपल्या जिल्ह्याचं. आई त्याकडे बघत म्हणाल्या, यातलं मी काहीच बघितलेलं नाही. शाळा, घर, शाळा. मी म्हटलं, रविवारी गाडी रिकामीच असते. चार रविवार, चार ठिकाणं ठरली. नदीचा उगम, चुनखडीची खाण, धरण, दीपगृह.

पहिलं झालं. शेळीसकट.

सोमवार, ६ फेब्रुवारी

डॉक्टरांकडून एक कवळी परत आली. पेशंटबाईंचं म्हणणं, हसल्यावर दात उसने वाटतात. उसनेच आहेत. तरी रंग एक पायरी उतरवला. कवळ्यांच्या लॅबमध्ये बावीस वर्षं झाली. लोकांना नवे दात नको असतात, जुनेच परत हवे असतात.

रविवार, १२ फेब्रुवारी

खाण. पुस्तकाप्रमाणे इथे 'शेकडो कामगार अहोरात्र राबतात'. प्रत्यक्षात एक वॉचमन, स्टुलावर. खाण अकरा वर्षांपूर्वीच बंद पडली. खड्ड्यात हिरवं पाणी. आईंनी वॉचमनला विचारलं, बाकीचे कामगार कुठे गेले? तो म्हणाला, माझी ड्युटी खाण राखायची आहे, कामगार नाही.

आत जायला रजिस्टरात नोंद लागते. नातं काय, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, सासू. त्याच क्षणी आई म्हणाल्या, मुलगा. वॉचमनने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं आणि लिहिलं – 'इसम २'.

कठड्याशी बसून उकडलेली अंडी आणि ब्रेड खाल्ला. आईंची कवळी मीच केलेली आहे. 'त्र' म्हणताना टक्‌ वाजते, ही त्यांची जुनी तक्रार. आज 'क्षेत्रफळ' म्हणून दाखवलं. वाजली. घासून देतो म्हटलं, तर नको म्हणाल्या, सवय झालीय.

परतताना गाडीत मधेच विचारलं, तुमच्या लॅबमध्ये बायका आहेत का कामाला? मी म्हटलं, दोघी. एक साचे भरते, एक पॉलिश करते. कशा आहेत? मी म्हटलं, साचेवाली चांगली आहे, हवेचे बुडबुडे राहू देत नाही.

आईंनी खिडकीबाहेर बघितलं. यात काय चुकलं कळलं नाही.

बुधवार, १५ फेब्रुवारी

कामावरून आलो तर कपाटातला हिचा कप्पा रिकामा. तीन वर्षं त्याला मी हात लावला नव्हता, आईंनीही नाही. आज सगळं घड्या घालून एका पेटीत गेलं होतं. एक निळा स्वेटर तेवढा आईंनी स्वतःच्या बॅगेत ठेवला. मला विचारलं, चालेल ना? म्हटलं, विचारता काय.

मग म्हणाल्या, कप्पा रिकामाच असू दे. लागेल.

कोणाला?

लागेल कोणाला तरी.

घरात जागा वाया घालवणं त्यांना आवडत नाही, म्हणून मी माझे दोन स्वेटर आणि गाडीची कागदपत्रं तिथे ठेवली. आईंनी येऊन बघितलं. नंतर चहात साखर नव्हती.

रविवार, १९ फेब्रुवारी

धरण! हे मात्र पुस्तकापेक्षा मोठं निघालं. पुस्तकात दरवाजे चोवीस आहेत. आईंनी काठावरून मोजले, सत्तावीस भरले. पुन्हा मोजले. सत्तावीस. चेहरा पडला. मी म्हटलं, तीन मागाहून बसवले असतील. तर म्हणाल्या, माझी समजूत घालू नका.

चौकशी करायला धरणाच्या ऑफिसात गेल्या. तिथे एक इंजिनियर बाई होत्या, चाळिशीच्या, रविवार असून कामावर. दरवाजे पहिल्यापासून सत्तावीसच, असं त्यांनी सांगितलं. आईंनी ते मान्य केलं. मग धरणाची उंची विचारली, पाणी किती मावतं ते विचारलं, मग घरी कोण कोण असतं ते विचारलं. बाई म्हणाल्या, वडील आणि मी. यावर आईंनी मला हाक मारून आत बोलावलं.

"हे कवळ्या करतात," आईंनी ओळख करून दिली. "हात फार चांगला आहे."

बाई म्हणाल्या, अजून सगळे दात माझेच आहेत. मी म्हटलं, दिसतंय. संभाषण संपलं.

पण दात खरंच चांगले होते. खालचा एक जरासा वाकडा – असे दात कवळीत मुद्दाम बसवावे लागतात, म्हणजे खरे वाटतात. हे मी त्यांना सांगायला हवं होतं का? गाडीत आईंना विचारलं. आईंनी चाळीस किलोमीटर रस्ता बघितला. मग म्हणाल्या, "दिसतंय, असं कोणी म्हणतं का?"

मी म्हटलं, खोटं थोडंच होतं.

आईंनी डोळे मिटले. झोपल्या नव्हत्या. झोपल्या की तोंड थोडं उघडं राहतं.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

आई बॅग भरतात, मग काढतात, मग पुन्हा भरतात. मी विचारलं, काही शोधताय का? म्हणाल्या, नाही, जागा कमी पडते. आल्या तेव्हा हीच बॅग अर्धी रिकामी होती, मला आठवतंय. तीन वर्षांत मीही काही आणून दिलं नाही त्यांना. एक शाल, एक चष्मा, आणि दात.

रविवार, २६ फेब्रुवारी

दीपगृह. जायला तीन तास लागले. पायऱ्या एकशे बेचाळीस. आईंनी खालूनच वर बघितलं, गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाल्या, तुम्ही जाऊन या, मला सांगा.

वर गेलो. समुद्र होता. वारा इतका की डोळ्यांत पाणी. खाली बघितलं तर बाकावर आई बसलेल्या, मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर. एवढ्याशा. आजूबाजूला कोणी नाही. एकदा त्यांनी वर बघितलं, मी हात केला. त्यांना दिसला नसावा.

तिथेच ठरवलं की खाली गेल्यावर सांगायचं – आई, राहा. वाक्य लहान आहे. उतरताना मनात दहादा म्हणून बघितलं. आई, राहा. तुमची हरकत नसेल तर राहा. राहायचं असेल तर राहा. पायरीगणिक वाक्य लांबत गेलं आणि पातळ होत गेलं.

खाली आलो तर आईंनी विचारलं, काय दिसलं?

समुद्र.

आणि?

तुम्ही.

मी कशी दिसत होते? मी म्हटलं, लहान. त्यावर आई हसल्या. मग समुद्राकडे बघत म्हणाल्या, तिला उंचीची फार भीती होती. सात वर्षांची असताना गच्चीच्या जिन्यात बसून रडली होती, वर जाईना आणि खाली येईना. शेवटी मी उचलून आणली.

तीन वर्षांत आईंनी हिचं नाव माझ्यासमोर पहिल्यांदा काढलं. मीही काढत नव्हतो. मला वाटायचं, त्यांना त्रास होईल. मग मीही सांगितलं – लग्नानंतर एकदा आम्ही पाळण्यात बसलो होतो, मोठ्या गोल पाळण्यात. पाळणा वर गेल्यावर हिने माझा दंड असा धरला की चार दिवस वळ होते. आई म्हणाल्या, हे मला तिने सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, मलाही जिन्याचं नव्हतं सांगितलं.

असं बराच वेळ बोललो. तासभर तरी. ऊन अंगावरून सरकून बाकाच्या पलीकडे गेलं.

वाक्य राहिलं ते राहिलंच. आईला मुलाकडे जाण्यापासून जावयाने कुठल्या तोंडाने अडवायचं? मुलगी होती तोवर मी जावई. आता मी त्यांचा कोण, हे मलाच ठाऊक नाही.

रविवार, ५ मार्च

मेहुणा अकराला आला. माणूस वाईट नाही. दात बळकट आहेत, पण झोपेत दात खात असणार, कडा झिजल्यात. चहा घेताना माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होता – भिंतीकडे, पंख्याकडे, बशीकडे. मी मनात म्हटलं, लाज वाटते आहे, वाटू दे.

आईंनी जायच्या आधी सगळं दाखवलं. गॅसची पुस्तिका, कुंड्यांना पाणी किती, धोब्याचा वार. म्हणाल्या, वेळेवर जेवत जा. आणि माणसांशी बोलत जा. मी म्हटलं, हो.

बॅग मी उचलली. मेहुण्याने हात पुढे केला, मी दिली नाही. डिकी लावली. आई पुढच्या सीटवर बसल्या, काच खाली केली, आणि माझ्याकडे बघत राहिल्या. काहीतरी बोलायची वेळ होती. मी वाकून मेहुण्याला म्हटलं – सावकाश चालव.

गाडी वळली.

सोमवार, ६ मार्च

भात दोघांचा लागला. दोघांचा खाल्ला.

गुरुवार, ९ मार्च

भाताचं प्रमाण जमलं.

आईंचा फोन आला होता. खोली हवेशीर आहे. सून चांगली आहे. नातू अभ्यासाला बसत नाही. मग विचारलं, तुम्ही रविवारी कुठे जाणार आहात? कोणाला तरी घेऊन जा बरोबर. मी म्हटलं, बघतो. शेवटी दोघंही 'बरं' म्हणालो आणि कोणीच ठेवेना. मग लाइनच तुटली.

रविवार, १२ मार्च

गाडी धुतली. कुठेच गेलो नाही. शेजारच्या काकांनी विचारलं, आज फिरायला नाही? मी म्हटलं, अभ्यासक्रम संपला.

मंगळवार, १४ मार्च

दुपारी मेहुण्याचा फोन आला, लॅबमध्ये. आई बऱ्या आहेत ना? बऱ्या आहेत, म्हणाला. जेवतात, नातवाला शिकवतात, पण सकाळी उठून बाल्कनीत जाऊन बसतात, कितीही हाका मारल्या तरी ऐकू येत नाही. मग म्हणाला –

"भावोजी, तिने शपथ घातली होती, पण मला राहवत नाही. मी तिला न्यायला माझ्या मनाने आलो नव्हतो. तिनेच मला आधी फोन करून बोलावलं. म्हणाली, मी तिथे आहे तोवर ते दुसऱ्या लग्नाचा विचारही करणार नाहीत. माझ्याकडे बघून जन्मभर असेच बसून राहतील."

मी विचारलं, आणि लोक काय म्हणतील, ते?

"ते तिनेच सुचवलं. म्हणाली, ते वाक्य ऐकलं की कोणी पुढे काही विचारत नाही."

खरंय. मी नव्हतं विचारलं.

मेण तापत होतं, ते बंद केलं. मालकांकडे जाऊन उद्याची रजा मागितली. कशासाठी, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, आईला घरी आणायचंय.

माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली, हे मालकांना ठाऊक आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि अर्जावर सही केली.