हात उजवीकडे

ग्रीन रिव्हर, यूटा
१४ सप्टेंबर

प्रिय थेन,

बरा असशील. खांदा थंडीत अजून दुखतो का? इथे कलिंगडांचा उत्सव चालू आहे, गावभर पाहुणे आणि चिकट हात. मीही एक अख्खं कलिंगड आणलं आणि अर्धं फेकून दिलं. एकटीसाठी कलिंगड आणणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, हे सात वर्षांत अजून माझ्या डोक्यात शिरलेलं नाही.

नदी उतरली आहे. ‘कवटी’ म्हणतात त्या खळाळात आता काही दम नाही. आज राफ्टमधून नेलेली आठ माणसं ओली झाली आणि तेवढ्यावरच खूश झाली. तेच तापलेले काळे कडे, जेवणाला तेच सँडविच, माझे तेच विनोद. तू असतास तर तोंड वेंगाडलं असतंस.

सकाळी राफ्ट पाण्यात ढकलण्याआधी नेहमीचं भाषण ठोकलं. "मंडळी, नदीवर आम्ही धोका कधी हाताने दाखवत नाही. पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून हात होईल तिकडे मुकाट्याने वल्ही मारायची. हात म्हणजे वाट." तर डेन्व्हरहून आलेली एक म्हातारी विचारते, "आणि बाई, तुमचाच हात चुकला तर?"

सगळे हसले. मी राफ्ट पाण्यात ढकलली.

थेन, आता आडवळणं पुरे. सात वर्षांपूर्वी त्या जूनमध्ये माझी राफ्ट पुढे होती. कवटी पार करून मी खाली तुझ्यासाठी थांबले, तेव्हा उजव्या कड्याला अडकलेला ओंडका दिसला. मी घाबरले. वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेलं विसरले आणि ओंडका दाखवायला उजवीकडे हात केला. तू माझा हात पाहिलास आणि उजवीकडे वळलास. राफ्ट ओंडक्यावर आदळून उलटली आणि तुझ्या पाहुण्यांमधले ते शाळामास्तर बुडाले.

चौकशीत मी सांगितलं, हात डावीकडे केला होता. तू माझ्याकडे बघितलंस, मग हातातल्या टोपीकडे, आणि म्हणालास, "मला नीट दिसलं नाही."

पलीकडच्या कड्यावरचा मेंढा सगळ्यांच्या आधी तुला दिसायचा.

तुझी नोकरी गेली, गाव सुटलं. बाबा जाईपर्यंत एकच म्हणत राहिले, "थेनला पाणी वाचता येत नाही." मी त्यांना सूप भरवत असायचे. चमचा खाली ठेवून एक वाक्य बोलायचं होतं, ते बोलले नाही. त्याच नदीवर पोट भरत राहिले. तू चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. तू नाताळचं कार्ड पाठवतोस, आणि ते उघडायला मला आठवडा लागतो. फार एकटी पडले रे, आणि तक्रार करायला तोंड नाही.

सोमवारी रेंजरच्या कचेरीत जाऊन सगळं लिहून देणार आहे, मग मास्तरांच्या बायकोकडे जाईन. माझं काय व्हायचं ते होवो. कचेरीतून तुला फोन येईल. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून आधी हे पत्र. या वेळी मला पाठीशी घालू नकोस. काय दिसलं ते सांग.

तुझी थोरली बहीण,
नेल्डा