अळणी दाण्यांचा डबा

सोम. ३ नोव्हें.
शीतलला तिसरा महिना. तोंडाला चव न्हाई. फोनवर म्हणाली, आई, तुझ्या हातचे खारे दाणे पाठव. दोन किलो भाजले. जावई साताऱ्याला कामाला आलेले, जाताना कोरेगावला वाकडी वाट करून आले, डबा घेऊन आष्ट्याला गेले.
मागनं ओटा पुसाय गेले तर मिठाची वाटी तशीच भरलेली. म्हंजे दाणे नुसत्या गरम पाण्यात भिजवले. हळद-तिखट लावून अळणी दाणे धाडले पोरीच्या सासरी!
आता विहीणबाई सोडती व्हय? लग्नात आमटी अळणी झाली तवा चार बायकांत म्हणाली, "कोरेगावात मीठ मिळत न्हाई वाटतं." आता शीतलला रोज ऐकवंल.

मंगळ. ४
शी.चा फोन. "आई, लय झ्याक झालेत. मीठ पण बेताचं."
मनात आलं, कसलं मीठ?
एक तर पोरगी खोटं बोलतीय, न्हाईतर दाणे तिच्यापतुर गेलेच न्हाईत. वि.बाईनं कपाटात घातले असतील. ह्यांना विचारलं. "दिवस गेले की जीभ बदलती," म्हणं. ह्यांना काय कळतंय.

गुरु. ६
डोक्यात हेच. दोन भाकरी करपल्या. पोरीला तिकडं खायाला देत्यात का न्हाई? उद्या यष्टीनं जाणार. तोंडावर विचारणार.

शुक्र. ७
वि.बाईनं चहा दिला, बशीत दाणे. "खावा की, तुमचेच हायत." तोंडात टाकला तर खारा! तिखट माझं, दाणे माझे, मीठ कुठनं आलं? विचारायचं ते तोंडातच राहिलं.
ती शेळीला पाला टाकाय गेली तवा शी.ला धरलं. सासूला ती आत्या म्हणती. म्हणाली, "आत्यांनी मिठाचं पाणी शिंपडून परत भाजले. म्हणाल्या, आईला सांगू नको, वाईट वाटंल तिला."
"मग आता का सांगितलंस?"
"तू भांडाय आलीस की. तोंड बघ तुझं."
वि.बाईला माझं वाईट वाटतंय? ती आमटीवाली? आन माझी लेक तिचं ऐकून माझ्याशी खोटं... राग यावा का बरं वाटावं, काय उमगंना. परतीच्या यष्टीत कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं, मी म्हणाले आष्टा. "मावशी, आष्ट्यातच बसलाय की!"

शनि. ८
डबा रिकामा धाडायचा न्हाई म्हणून वि.बाईनं भरून दिलेला. आज उघडला. त्यांच्या शेतातले कच्चे दाणे. वर कागदात मिठाची पुडी.
म्हंजे मला कळलंय हे तिला कळलंय. टोमणा का काय? हे हसून हसून खोकले. "अगं, विहिणीनं चेष्टा केली तुझी."
चेष्टा करण्याएवढं आमचं कवा जमलं?

सोम. १०
तिचेच दाणे भिजवले. पुडी सगळी ओतली. भाजून चाखले तर मोजून दिल्यागत बेताचं मीठ निघालं. आणखी चिडले.
उद्या सकाळी जावई यायचेत. डबा भरलाय. वर काय ठेवू? हळदीची पुडी ठेवली, काढली. गुळाचा खडा ठेवला, तो पण काढला.
झाकण अजून लावलं न्हाई.