वरचा मजला भाड्याने दिला

२ एप्रिल

आले एकदाची! दलालाने दारातच किल्ल्यांचा जुडगा हातात ठेवला आणि माझा फोटो काढला. तो मी बॅगा आत घेण्याआधी जाऊबाईंना पाठवला. त्या याच गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात. दोन घरं भाड्याने दिली आहेत, आणि "आम्हाला काय, बसल्या जागी येतं" हे फोनवर ऐकवल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही. आता बघू म्हणावं. परक्या देशात आमचंही घर झालं!

ह्यांच्या फार मनात नव्हतं. आयुष्यभराची पुंजी इतक्या लांब कशाला गुंतवायची, कोण लक्ष देणार, असं म्हणत होते. मी देणार, म्हटलं. ऑफिसातला निरोप समारंभ आटोपला की पुढच्या महिन्यात हेही येतील.

घर दुमजली आहे, अरुंद, शेजारच्या घरांना खांदा लावून उभं. वर मोठी खिडकी, लाकडी जमीन आणि सकाळपासून ऊन. खाली एक खोली, मागे चिंचोळं स्वयंपाकघर. खालची खिडकी रस्त्याच्या पातळीला आहे, त्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात. वरच्या मजल्याला भाडं चांगलं येईल, म्हणून तो द्यायचा आणि आपण खाली राहायचं असं ठरवलंय. भाडेकरू आला की मालकानेही विचारल्याशिवाय वर जायचं नाही, असा इथला नियम असल्याचं दलालाने बजावलं. मला हसूच आलं. घर माझं, आणि परवानगी मी मागायची!

९ एप्रिल

आठवडाभर नुसती हमाली. रंगाऱ्याला चार छटा नाकारून शेवटी फिकट पिवळा लावायला लावला. खिडकीच्या काचा मी स्वतः घासल्या. नखं तुटली, पण काच अशी झाली की चिमणी येऊन आपटली. भिंतीत फोटोसाठी एक खिळाही ठोकून ठेवला.

आज भाडेकरीण आली. एकटीच, माझ्याच वयाची, बांधाही माझ्यासारखाच. आपली भाषा तिला अर्थातच येत नाही, दलालच दोघींमधला दुवा. तिने भिंतीवरून तळहात फिरवला आणि काहीतरी पुटपुटली. दलालाने सांगितलं, ती म्हणते की मी निवडला असता तर हाच रंग निवडला असता.

बरं वाटलं. थोडं नाहीही वाटलं.

१५ एप्रिल

जाऊबाई घर बघायला आल्या. माझ्या खोलीत पाऊल टाकताच त्यांनी नाक मुरडलं. "अगं, भाऊजी इथे राहणार?" चहा अर्धा टाकला. जिन्यात भाडेकरीण भेटली, तिने हाताने वर बोलावलं, तर जाऊबाई पाच मिनिटं म्हणून गेल्या आणि सबंध दुपार वर बसल्या. ना भाषा एक, ना ओळख! तरी हसण्याचे आवाज खालपर्यंत येत होते. माझ्याशी वीस वर्षांत त्या इतक्या हसल्या नसतील.

जाताना मला म्हणतात कशा, "घराला घरपण त्या बाईने आणलं बरं का!"

अंगाचा तिळपापड झाला. काचा घासल्या कोणी? रंग कोणाचा? मी घर उभं करायचं आणि ही आयत्या बिळावर नागोबा होऊन कौतुक घेणार.

२२ एप्रिल

आज वर जाऊन आले. ती पिशवी घेऊन बाहेर पडताना दिसली. माझ्याकडे दुसरी किल्ली होतीच. नळ गळतो का ते बघायचंय, असं स्वतःला सांगितलं. नळ ठणठणीत होता.

काय मांडलंय तिने घर! खिडकीशी एक आरामखुर्ची. मी बसले. पायांवर ऊन आलं. इथे आल्यापासून पहिल्यांदा पाय गरम झाले. कपाटात एक निळी शाल होती, ती अंगावर घेतली. माझ्याच मापाची वाटली. शालीला कधी माप असतं का? पण वाटली खरी. हे सगळं माझं असायला हवं होतं, एवढं एकच मनात होतं.

फाटक वाजलं तशी धावत खाली आले. काढून ठेवलेला चष्मा वरच राहिला, आता जुन्यावर भागवायचं.

२४ एप्रिल

ती माझा चष्मा लावून फिरते आहे. त्याची काच एवढी जाड की जाऊबाई तिला बाटलीचं बूड म्हणतात. दुसऱ्या कुणाला तो लावून दोन पावलं चालता यायचं नाही. ती मात्र झरझर जिना उतरली, आणि जाता जाता माझ्याकडे अगदी नीट पाहून हसली.

२८ एप्रिल

रोज दुपारी वर जाते. जाऊ नये हे कळतं. पण ऊन तिथे आहे.

आज माझ्या खिळ्याला आमच्या लग्नाचा फोटो लटकत होता. आमचा! तो माझ्या बॅगेच्या तळाशी होता. खाली येऊन पाहिलं तर बॅगेत नुसतं त्याचं फडकं. दलालाकडे तक्रार तरी काय करू? चोरून वर गेले होते, तेव्हा दिसला म्हणून?

दलाल संध्याकाळी आला तो थेट वर. फाटकाला कुठला रंग द्यायचा, हे तिला विचारायला. मी पायरीवर उभी होते, तर बाजूला ठेवलेल्या झाडूला वळसा घालावा तसा तो गेला. हाक मारली तेव्हा थांबला. खाली गारठा असतो का, अशी चौकशी केली, आणि म्हणाला, मालकीणबाईंच्या कानावर घालतो.

४ मे

ह्यांना फोन केला. म्हणाले, आत्ताच तर बोललो आपण, परत काय? खुशीत होते. म्हणे, तू दाखवलीस ती उन्हातली खुर्ची मला हवी हं.

मी काही दाखवलेलं नाही.

मग सगळं सांगितलं, रडत रडत. चष्मा, फोटो, दलाल. ह्यांनी अगदी अदबीने विचारलं, "माफ करा, आपण कोण बोलताय?"

७ मे

वरून आवाज आला. मराठीत.

कुणाला तरी फोनवर सांगत होती, गरम कपडे आणा हं, सकाळी बोचरं असतं. माझा आवाज. "हं" म्हणायची माझी लकब. आरशात पाहून तेच वाक्य म्हणून बघितलं. माझ्या घशातून नीट निघेना.

११ मे

हे आले. खिडकीतून आधी बूट दिसले, डावी टाच झिजलेली. धावत दारात गेले. सोबत जाऊबाई होत्या. ह्यांनी मला पाहिलं — शेजारणीला करतात तशी मान हलवली — बॅग उचलली, मला वाट दिली.

वरून ती म्हणाली, "आलात?"

हे हसले. दिलखुलास. माझ्याबरोबर असे कधी हसले? कधीच नाही. भीती वाटायला हवी मला. वाटते आहेच. पण त्याहून जास्त जळते आहे — ते हसू — ते तिला का —

१२ मे

वर गेले. किल्ली फिरेना. दार वाजवलं. तिनेच उघडलं.

माझा चेहरा. फक्त झोप झालेला. शांत.

म्हणाली, "खालची खोलीही भाड्याने द्यावी, असं ह्यांचं म्हणणं आहे. उगीच रिकामी पडलीय." तिच्या मागे ऊन होतं. जाऊबाईंनी आतून विचारलं, कोण आहे गं? ती म्हणाली, कुणी नाही, वारा.

१४ मे

काचेवर हात ठेवला. वाफेचा ठसा उमटत नाही.

रस्त्यावरच्यांना हाका मारल्या. एक बूट थबकला. मग गेला —

१५ मे

आलेत. दलाल, ती, आणि मराठी बोलणारी एक तरुण मुलगी, पाठीला पिशवी. दलाल म्हणतो आहे, ही खोली पहिल्यापासून रिकामीच. मी टेबलाशी खुर्चीत आहे. समोर. लिहिते आहे. कुणी बघत नाही —

मुलीला पसंत पडली. ऊन नसलं तरी चालेल म्हणाली. वरची ती हसून म्हणते आहे, मग वर येत जा की, चहाला, ह्यांनाही कुणीतरी बोलायला हवंच असतं —

हिला वर बोलावलं. हिला! आल्या पावली — मला एकदाही — हे हिला खुर्ची देतील, उन्हातली, माझी —

मुलीने पिशवी उतरवली. इकडे येते आहे. मी बसले आहे गं, इथे मी आहे, दिसत नाही का, ओरडते आहे मी — पाठ फिरवली — ती माझ्याच अंगावर बस